फ्लोरिडात बोट चालवताय? आधी मॅनेटीच्या पाट्या वाचायला शिका

डिसेंबरात पुण्याहून मेहुणे आले होते. टॅम्पाच्या दक्षिणेला आम्ही पाँटून बोट भाड्याने घेतली. दोन लांब नळकांड्यांवर ओटा टाकून त्यावर दिवाणखान्यातले सोफे मांडावेत, तशी ही बोट असते. सुकाणू मेहुण्यांच्या हातात होतं. एका वळणानंतर पाण्यात रोवलेली पांढरी पाटी दिसली आणि मी थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, खाली घ्यायला सांगितलं. "अहो, पुढे चिटपाखरू नाही. कुणासाठी हळू?" मेहुण्यांनी विचारलं. दोन-तीन मिनिटांनी उजव्या अंगाला, वल्ह्याच्या अंतरावर, एका मॅनेटीचं करडं केसाळ नाक वर आलं, 'फुस्स' असा आवाज झाला आणि नाकपुड्या झाकणासारख्या मिटून ते खाली गेलं. पुढचा अर्धा तास मेहुण्यांनी थ्रॉटलला हात लावला नाही.

फ्लोरिडात राहून बोट घेतलेले, घेऊ पाहणारे आणि सुट्टीत दोन तासांसाठी बोट भाड्याने घेणारे, अशा तिघांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. भाड्याच्या धक्क्यावर पाच मिनिटं सूचना देतात. त्यातली तीन पेट्रोल आणि डिपॉझिटमध्ये जातात, मॅनेटीच्या वाट्याला "पाट्या बघत जा" एवढंच येतं. पण पाटी तिथेच का रोवली हे कळलं नाही, तर ती सरकारची कटकट वाटते आणि माणूस पोलीस बोट दिसेपर्यंतच हळू जातो. कारण कळलं की पाटी नसतानाही हात आपोआप थ्रॉटलकडे जातो.

आधी प्राणी

मॅनेटी म्हणजे समुद्रगाय. कच्छचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि अंदमानात सापडणारा ड्युगाँग हा तिचा चुलतभाऊ. दोघांतला फरक शेपटीत दिसतो: ड्युगाँगची डॉल्फिनसारखी दुभंगलेली, मॅनेटीची उलथन्यासारखी गोल. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण ३ मीटर लांब आणि ४५० ते ५५० किलोंचा असतो. तो निव्वळ शाकाहारी आहे आणि रोज आपल्या वजनाच्या ४ ते ९ टक्के पाणगवत खातो.

बोटवाल्याला यातल्या चार गोष्टी पुरतात. गवताला ऊन लागतं, म्हणून ते उथळ पाण्यात वाढतं, आणि गवत तिथे मॅनेटी. तो मासा नाही, फुप्फुसाने श्वास घेतो. म्हणून हालचाल चालू असताना दर ३ ते ५ मिनिटांनी वर येतो, पडून असेल तर २० मिनिटंही खाली राहतो. देह अवाढव्य असला तरी थंडी सोसवत नाही. पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली काही दिवस राहिलं की तो आजारी पडतो, मरतोही. आणि मादीला साधारण वर्षभराच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू होतं, तेही दोन ते पाच वर्षांतून एकदा. त्यामुळे गेलेल्या प्राण्याची जागा भरून यायला फार काळ लागतो.

२०२१-२२ च्या पाहणीत राज्यात ८,३५० ते ११,७३० मॅनेटी असल्याचा अंदाज निघाला. नोंदणी झालेल्या बोटी दहा लाखांच्या घरात आहेत. म्हणजे एका मॅनेटीमागे शंभरेक बोटी. २००७ ते २०१६ या काळात मिळालेले मृतदेह संशोधकांनी तपासले, तेव्हा प्रौढांपैकी शंभरात जेमतेम चार जणांच्या अंगावर बोटीचा एकही व्रण नव्हता. बाकीच्यांच्या पाठीवर बोटीच्या पंख्याच्या पात्यांचे समांतर ओरखडे, एकाखाली एक, भाकरीवर सुरीने रेघा ओढाव्यात तसे. हे व्रण इतके सर्रास आणि प्रत्येकाचे इतके वेगळे आहेत की संशोधक त्यांच्यावरूनच एकेक मॅनेटी ओळखतात.

पायरी १: घरातून निघण्याआधी

पहिलं काम कॅलेंडर बघणं. १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च हा मॅनेटीचा हंगाम. बरेच हंगामी नियम याच तारखांना लागू होतात आणि उठतात. या काळात थंडीची लाट आली की मॅनेटी उबदार पाण्याकडे धाव घेतात. नैसर्गिक झऱ्यांचं पाणी बारा महिने २२ अंशांच्या आसपास असतं. क्रिस्टल रिव्हरमधला किंग्ज बे, होमोसासा, ऑरेंज सिटीजवळचा ब्लू स्प्रिंग ही अशीच ठिकाणं. ब्लू स्प्रिंगच्या छोट्याशा ओहोळात २०२४ च्या जानेवारीत एका दिवशी ९३२ मॅनेटी मोजले गेले. दुसरा आसरा वीजकेंद्रांचा. यंत्रं थंड करून बाहेर सोडलेलं पाणी कोमट असतं, म्हणून अपोलो बीचचं बिग बेंड केंद्र, फोर्ट मायर्सजवळची ऑरेंज रिव्हर, रिव्हिएरा बीच, केप कॅनाव्हरल इथे हिवाळ्यात कळपच्या कळप पडलेले असतात. अशा जागांच्या आसपास जाणार असाल तर नियम सर्वांत कडक असतील हे धरूनच चाला. उन्हाळ्यात ते पांगतात, खाड्या-नद्यांतून सगळीकडे फिरतात. म्हणून काही पट्टे, म्हणजे नियम लागू असलेले पाण्याचे भाग, वर्षभर लागू असतात.

दुसरं काम नकाशाचं. राज्याचा मासे आणि वन्यजीव आयोग, ज्याला इथे सगळे एफडब्ल्यूसी म्हणतात, प्रत्येक काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, मॅनेटी पट्ट्यांचे नकाशे संकेतस्थळावर फुकट देतो. तुमच्या भागाचा उतरवून घ्या आणि छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. फोनवरचं नेव्हिगेशन अॅप आणि पाण्यातली पाटी यांत फरक दिसला तर पाटीचं ऐकायचं.

तिसरं, कागदपत्रं. १ जानेवारी १९८८ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही १० अश्वशक्ती किंवा जास्त ताकदीचं इंजिन असलेली बोट चालवायला बोटिंग सुरक्षेचं ओळखपत्र लागतं. पाहुण्यांना यातून सूट नाही, मात्र त्यांना ९० दिवसांचं तात्पुरतं प्रमाणपत्र परीक्षा देऊन काढता येतं. जेट स्की चालवायला वय किमान १४ आणि भाड्याने घ्यायला १८ हवं. आमचे मेहुणे १९७४ चे, त्यामुळे ते सुटले. भाच्याला विमानतळावरून आल्या आल्या लॅपटॉपसमोर बसावं लागलं.

सामानात एकच आग्रह धरेन: पोलराइज्ड काचांचा गॉगल. साध्या गॉगलमधून पाण्यावरची चमक तशीच दिसते. पोलराइज्ड काचेने ती कापली जाते आणि मीटरभर खालची करडी सावली डोळ्यांत भरते. चालवणाऱ्यालाच नव्हे, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसून पुढे नजर ठेवणाऱ्यालाही एक हवा.

पायरी २: पाटी वाचणं

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. मीही चुकलोय, ते पुढे येतंच.

नियमाची पाटी पांढरी असते, कडा केशरी, अक्षरं काळी. मध्ये केशरी वर्तुळ असेल तर 'इथे काहीतरी नियंत्रित आहे', बहुतेक वेळा वेग. चौकट टोकावर उभी करून आत फुली असेल तर 'इथे यायचंच नाही'. फुली नसलेली तशी चौकट धोका सांगते: खडक, उथळ जागा वगैरे. मॅनेटीच्या पाटीवर वर तसं लिहिलेलं असतं, खाली कधीपासून कधीपर्यंत ते, आणि तळाशी बारीक अक्षरांत नियमाचा क्रमांक. तारखा न वाचता पुढे जाऊ नका. 'ऑल इयर' असेल तर वर्षभर.

मग येतो मजकूर. 'आयडल स्पीड, नो वेक' म्हणजे सुकाणू ऐकेल एवढाच वेग. त्याहून कमी केला तर बोट वाऱ्यावर भरकटेल, इतका कमी. 'स्लो स्पीड, मिनिमम वेक' म्हणजे बोट पूर्णपणे पाण्यात बसलेली हवी आणि मागे मोठी लाट नको. यात मैलांचा आकडा मुद्दाम दिलेला नसतो, कारण प्रत्येक बोट वेगवेगळ्या वेगाला बसते. २५, ३० किंवा ३५ मैलांची कमाल मर्यादा असेल तर आकडा स्पष्ट छापलेला असतो. 'नो एन्ट्री' म्हणजे बोट, कयाक, पोहणं, गळ टाकणं, सगळंच बंद. 'मोटरबोट्स प्रोहिबिटेड' असेल तर इंजिन वर्ज्य, वल्हं चालेल. पट्टा संपला की 'रिझ्युम नॉर्मल सेफ ऑपरेशन' अशी पाटी येते. ती दिसेपर्यंत पट्टा संपला असं स्वतःच ठरवायचं नाही.

माझी चूक झाली ती 'चॅनल एक्झेम्प्ट' या दोन शब्दांत. अर्थ असा, की हळू जाण्याचा नियम काठाकडच्या पाण्याला लागू आहे, खुणांनी आखलेल्या खोल वाटेला नाही. तिथे वेगळी, जास्त मर्यादा असू शकते. मी ते वाचलं आणि खूश होऊन वेग वाढवला. अडचण एवढीच की मी वाटेत नव्हतोच. लाल आणि हिरव्या खुणांच्या मधलं पाणी म्हणजे वाट, आणि मी हिरव्या खुणेच्या बाहेर, काठाकडे होतो. गस्तीवरच्या अधिकाऱ्याने बोट शेजारी आणली, माझाच नकाशा माझ्या मांडीवर उलगडून बोटाने रेघ दाखवली आणि ताकीद देऊन सोडलं. तेव्हापासून असे शब्द दिसले की आधी शोधतो: माझ्या एका बाजूला लाल कुठे, दुसऱ्या बाजूला हिरवा कुठे.

या दुहेरी नियमामागे साधा हिशेब आहे. वाटेत बोटीखाली खोली असते, मॅनेटीला खाली सरकायला जागा मिळते. काठाजवळ गवत आहे आणि पाणी कंबरभर. तिथे बोटीचा तळ आणि चिखल यांच्यामध्ये अर्ध्या टनाचा प्राणी मावत नाही. मॅनेटी वाटेनेही प्रवास करतात, त्यामुळे हा उपाय परिपूर्ण नाही. पण सगळीकडे गोगलगायीसारखं जा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, म्हणून काढलेला हा मधला मार्ग आहे.

राज्याच्या पाट्यांशिवाय केंद्राच्याही असतात. 'मॅनेटी सँक्च्युअरी' म्हणजे पाण्यातली कुठलीही हालचाल बंद. 'मॅनेटी रेफ्यूज' म्हणजे ठरावीक गोष्टींना बंदी. किंग्ज बे २०१२ पासून रेफ्यूज आहे आणि हिवाळ्यात त्याच्या आत दोरांनी वेढलेल्या सँक्च्युअरी लागतात. दोर ओलांडून फोटो काढायचा मोह होतो. आवरा.

पायरी ३: हळू म्हणजे किती हळू

बोट वेगात गेली की पाण्यावर चढते, आडवी होते आणि घसरत निघते. इथले लोक म्हणतात 'प्लेनवर आली'. थ्रॉटल थोडा मागे घेतला की नाळ आकाशाकडे जाते, बूड खाली बसतं आणि मागे पाण्याचा डोंगर उठतो. बहुतेकांना वाटतं, झालो हळू. हीच सर्वांत वाईट अवस्था. पुढचं काही दिसत नाही, पंखा खोल गेलेला असतो, आणि लाट काठावरच्या कयाकवाल्यांना नाचवते. थ्रॉटल आणखी मागे घ्या. नाळ हळूच खाली येते, इंजिनाचा आवाज घोगरा होतो, मागची लाट मोडून तिच्या जागी नुसता बुडबुड्यांचा पट्टा राहतो. बोट पुन्हा सपाट झाली की तुम्ही 'स्लो स्पीड'ला आलात. पाँटून बोट अशी नाळ उचलत नाही. तिच्यात मागे वळून लाट बघणं हाच मापदंड.

ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर, वेगाने बोट सेकंदाला ११ मीटर कापते. ५० मीटरवर नाक दिसलं तर तुमच्याकडे साडेचार सेकंद आहेत, आणि त्यातला एक 'ते काय आहे?' यात जातो. ताशी ५ मैलांना तेच अंतर कापायला वीस सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात मॅनेटीही बाजूला होऊ शकतो. तो एरवी ताशी ३ ते ५ मैलांनी पोहत असला तरी गरज पडली तर थोडा वेळ जोरात सुटतो. शिवाय आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ६ मैलांऐवजी ३० मैलांना धडक बसली तर ती पाचपट नाही, पंचवीसपट जड बसते.

व्हॉट्सअॅपवर हमखास कुणीतरी विचारतं, "पंख्याला जाळी का नाही बसवत?" कारण मोठ्या संख्येने मॅनेटी पंख्याने कापून मरत नाहीत, बोटीच्या तळाच्या मुक्या माराने मरतात. फासळ्या मोडतात आणि फुप्फुसात घुसतात. जाळी तिथे काय करणार?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठातले एडमंड गर्स्टीन यांचं म्हणणं असं की मॅनेटीला बारीक, वरच्या पट्टीतला आवाज चांगला ऐकू येतो आणि सावकाश बोटीची घरघर नीट येत नाही, त्यामुळे हळू जाणं उलट घातक ठरू शकतं. बोट क्लबच्या बैठकांत हा मुद्दा हटकून निघतो. पण डेव्हिड लाइस्ट आणि कॅमेरॉन शॉ यांनी २००६ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, नीट आखलेल्या आणि पाळल्या गेलेल्या वेगपट्ट्यांत मृत्यू घटल्याचे पुरावे मिळाले. ऐकू येवो न येवो, वीस सेकंद हे साडेचारांपेक्षा जास्त असतात, असं माझं सरळ गणित आहे.

पायरी ४: पाणी वाचणं

मॅनेटी क्वचितच पूर्ण दिसतो. दिसतात त्या त्याच्या खुणा. शेपटीच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी वरच्या पाण्यावर तेल सांडल्यासारखं गुळगुळीत वर्तुळ उमटतं. अशी वर्तुळं ओळीने दिसली तर ती त्याची पावलं समजा. शेवटचं वर्तुळ जिथे आहे त्याच्या थोडा पुढे तो असतो. उथळ पाण्यात अचानक गढूळ ढग उठला तर कुणीतरी तळ घुसळतंय. गवताच्या तुटलेल्या काड्या तरंगत असतील तर जेवण चालू आहे. एक दिसला की दुसरा शोधा, कारण पिल्लू आईला खेटून, बहुधा मागच्या अंगाला असतं.

गवतावरून बोट नेऊ नका. पंख्याने उकरलेल्या चराला भरून यायला वर्षं लागतात. गॉगलमधून तपकिरी किंवा गर्द पट्टा दिसला तर तो गवताचा, पांढरट दिसली तर वाळू. चुकून शिरलात आणि मागे चिखल उठू लागला तर जोर करून बाहेर पडायची धडपड नको. इंजिन बंद करा, वर उचला आणि वल्ह्याने बाहेर या.

पायरी ५: दिसला, आता काय

तारकर्लीला किंवा गोव्यात डॉल्फिन दाखवायला नेणारा खलाशी आठवा. पाठ दिसली रे दिसली की इंजिनाचा कान पिळून तो त्या दिशेने निघतो. ती सवय इथे धक्क्यावरच ठेवून यायची. मॅनेटी दिसला की थ्रॉटल न्यूट्रलला आणा, जमलं तर इंजिन बंद करा आणि वाऱ्यावर तरंगत राहा. तो स्वतः बोटीखाली आला तर दूर जाईपर्यंत पंखा फिरवू नका.

हात लावायचा नाही, पाठलाग करायचा नाही, आई आणि पिल्लाच्या मध्ये जायचं नाही, खायला घालायचं नाही. धक्क्यावरच्या नळीने पाणी पाजणं हे सगळ्यात भाबडं पाप. मॅनेटी गोड्या पाण्याला हपापलेला असतो, नळीखाली तोंड उघडून येतो, सगळ्यांना फार गोड वाटतं. पण एकदा त्याला कळलं की धक्क्यावर पाणी मिळतं, की तो बोटींच्या गर्दीतच घर करतो. राज्याच्या कायद्यात मॅनेटीला त्रास देण्यासाठी ५०० डॉलरपर्यंत दंड किंवा ६० दिवसांपर्यंत कैद आहे. केंद्राच्या कायद्यात मामला वर्षभराच्या तुरुंगवासापर्यंत जाऊ शकतो. कयाकवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये. इंजिन नाही म्हणून मागे लागण्याची मुभा मिळत नाही.

शेपटीच्या बुडाशी पट्टा आणि त्यामागे दोरीने ओढला जाणारा तरंगता ट्रान्समीटर दिसला तर तो अडकलेला नाही. ते संशोधकांचं उपकरण आहे, सोडवायला जाऊ नका. खरोखर गळाच्या दोऱ्यात गुरफटलेला दिसला तरीही स्वतः कापाकापी नको, फोन करा. तुमच्या गळाचा तुटलेला दोरा खिशात घालून परत आणा. बोट पाण्यात उतरवायच्या बहुतेक रॅम्पवर त्यासाठी पांढऱ्या पीव्हीसी पाइपचं बाकदार नळकांडं खांबाला बांधलेलं असतं.

पायरी ६: धडक बसली किंवा जखमी दिसला

एफडब्ल्यूसीचा वन्यजीव क्रमांक १-८८८-४०४-३९२२. आत्ताच फोनमध्ये साठवा. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६. सांगायची माहिती: नेमकी जागा, प्राणी जिवंत की मेलेला, साधारण लांबी, जवळ रॅम्प कुठला, शेपटीला किंवा अंगाला खूण आहे का, आणि मदत येईपर्यंत तुम्ही थांबू शकता का. एका अंगावर कलून पोहणारा किंवा बुडी मारू न शकणारा मॅनेटी, किंवा एकटंच दिसणारं पिल्लू, अडचणीत आहे असं समजा. काठावर अडकलेल्याला पाण्यात ढकलू नका. आजारी म्हणून तो काठाला आलेला असू शकतो, आणि ढकललात तर डॉक्टर पोहोचेपर्यंत तो हाती लागत नाही.

धडक तुमच्याच बोटीची असेल तर लपवायचा विचार मनात येतोच. वेगाचा नियम पाळून चालला असाल तर अपघात कळवल्यामुळे दंड होण्याची शक्यता फार कमी. न कळवल्याने मात्र उपचारांनी वाचला असता तो प्राणी मरतो.

पायरी ७: नियमच पटत नसेल तर

पट्टे देवाने आखलेले नाहीत. काही खरोखर चुकीच्या जागी आहेत, काही जिथे हवेत तिथे नाहीत. तक्रार पार्किंगमध्ये न करता योग्य टेबलावर न्यायची तर ही व्यवस्था समजून घ्या.

१९७८ च्या फ्लोरिडा मॅनेटी सँक्च्युअरी कायद्याने अख्खं राज्य मॅनेटीचं अभयक्षेत्र ठरवलं. पण त्याच कायद्यात हेही आहे की सरसकट सगळ्या पाण्यात वेग बांधून मच्छीमार, बोटवाले आणि वॉटर स्कीवाल्यांच्या हक्कांत अकारण अडथळा आणण्याचा हेतू नाही. पाठीराखे पहिलं वाक्य वाचतात, विरोधक दुसरं. बैठकीला दोन्ही वाचून जाणारा माणूस विरळा, तुम्ही तो व्हा. १९८९ मध्ये राज्याने १३ महत्त्वाच्या काउंट्यांना मॅनेटी संरक्षण योजना करायला लावल्या. ब्रेव्हार्ड, ली, सिट्रस, व्होल्युशा, कोलियर, मायामी-डेड या त्यांतल्या काही. वेगपट्ट्यांइतकंच या योजनांमध्ये महत्त्वाचं असतं नवा रॅम्प किंवा मरिना, म्हणजे बोटी लावायचा तळ, कुठे होऊ द्यायचा आणि त्यात किती बोटींची जागा द्यायची. गवताच्या मैदानाशेजारी दोनशे बोटींचा धक्का बांधून मग पाट्या रोवत बसणं म्हणजे शाळेच्या दारात महामार्ग काढून गतिरोधक घालणं. म्हणून बोटवाल्यांना मी सांगतो, धक्क्याच्या परवान्याच्या सुनावणीला जा. तिथे जे ठरतं त्यावरून दहा वर्षांनी किती पट्टे लागतील ते ठरतं.

नवा पट्टा प्रस्तावित झाला की काउंटीला स्थानिक नियम पुनरावलोकन समिती नेमावी लागते. तिच्यात निम्मे सभासद पाणी वापरणारे आणि निम्मे मॅनेटीचे कैवारी असतात, आणि लेखी अहवालासाठी साठ दिवस मिळतात. ही समिती म्हणजे तुमची खरी संधी. आयोगाची अंतिम सुनावणी येईपर्यंत नकाशा बऱ्यापैकी पक्का झालेला असतो.

समितीपुढे काय न्यायचं? "माझे आजोबा इथे मासे धरायचे" याला सहानुभूती मिळते, बदल मिळत नाही. न्यायचे ते पर्याय: वर्षभराऐवजी हंगामी करता येईल का, पूर्ण पात्राऐवजी काठापासून ठरावीक अंतरापर्यंत, वाटेला सूट देऊन, की स्कीसाठी एखादा खोल तुकडा बाजूला काढून. उदरनिर्वाह पाण्यावर असेल तर वेगळी वाटही आहे. व्यावसायिक मच्छीमार आणि मासेमारीचे मार्गदर्शक काही पट्ट्यांत परवाना मागू शकतात.

आकडे मांडताना एक खाचखळगा सांभाळा. एफडब्ल्यूसी मृत्यूंच्या नोंदी काउंटीनिहाय जाहीर करतो आणि लोक त्यातले ठिपके नकाशावर लावून म्हणतात, "बघा, इथे एकही मेला नाही." पण ठिपका मृतदेह सापडल्याचा असतो. धडक बसलेला मॅनेटी काही तास, काही दिवस पोहत राहतो, मेल्यावर ओहोटी आणि वारा त्याला नेतात. म्हणून हवाई पाहणीत तो जिवंत कुठे दिसतो, गवत कुठे आहे, खोली किती आणि बोटी कुठून जातात, हे चार थर एकावर एक ठेवल्याशिवाय कुठलाही दावा टिकत नाही.

"बोटींनी मरतात त्यापेक्षा उपाशी जास्त मरतात" हा युक्तिवादही ऐकू येईल. त्यात तथ्य आहे. २०२१ मध्ये राज्यात सुमारे १,१०० मॅनेटी गेले, आजवरची सर्वांत मोठी संख्या. पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये सांडपाणी आणि खतांनी शेवाळ माजलं, ऊन तळापर्यंत पोहोचेना, गवत मेलं आणि हिवाळ्यात केप कॅनाव्हरलच्या कोमट पाण्यात बसलेले मॅनेटी खंगून गेले. त्यानंतर सरकारला त्यांना चक्क लेट्यूस घालावं लागलं, पहिल्या हिवाळ्यात दोन लाख पौंडांहून जास्त. तरी २०१९ मध्ये बोटींच्या धडकेने १३० हून अधिक मेले होते, आणि त्या वर्षी अशी उपासमार नव्हती. सांडपाण्याचा प्रश्न सुटायला दशकं लागतील, थ्रॉटल मागे घ्यायला दोन सेकंद. हे दोन्ही एकाच बैठकीत मांडा, समोरच्याचा अर्धा विरोध तिथेच गळतो.

बोलायला बहुधा तीन मिनिटं मिळतात आणि वेळ संपली की माइक बंद होतो. म्हणून नकाशाच्या रंगीत प्रती आधीच वाटून टाका. प्रत्येक प्रतीवर तुम्ही सुचवलेली रेघ जाड पेनाने ओढलेली असू द्या, आणि पाण्याची खोली फुटांत लिहा. मीटरमध्ये लिहिलेली माझी पहिली प्रत सगळ्यांनी उलटीसुलटी करून बघितली होती.